चार बोटं कललेली भिंत

मामाला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आणलं त्या रात्री स्वारगेटहून घरी येताना आम्ही गणेशखिंड रस्त्यावर अडकलो. अकरा वाजून गेलेले, रिक्षा बंद करून ड्रायव्हर खाली उतरलेला, आणि पुढं एक लांबलचक ट्रेलर आडवा लागलेला, त्याच्यावर मेट्रोचा काँक्रीटचा एक सेगमेंट, पिवळे दिवे फिरतायत, दोन पोरं शिट्ट्या फुंकतायत. मामा मान बाहेर काढून बघत होता. हे काय म्हणाला, मग मी नेहमीचं सांगितलं, की यार्डात असे तुकडे ओततात, रात्री इथं आणतात, वर लाँचिंग गर्डरला, म्हणजे खांबांवर बसवलेल्या लांब लोखंडी सांगाड्याला टांगून एकाला एक लावतात आणि आतून केबल ओवून ताण देतात की झाला पूल. त्यानं बराच वेळ ते ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "आन् खांब बी आसंच तुकडं रचून करत्यात का?" म्हटलं, इथले खांब जागेवरच ओतलेत, पण करतात काही ठिकाणी, बाहेरच्या देशांत. "म्हंजी लगोरीच की. आन् भूकंप झाला मंग?" मी म्हटलं, पडणार नाही मामा, तसंच डिझाइन करतात. तर तो जरा चिडूनच म्हणाला, "पडायचं न्हाय इचारत गं मी. हाललं तर परत जाग्याव येतंय का?"

ट्रेलर हलला, रिक्षा सुरू झाली, विषय डोळ्याच्या थेंबांवर गेला. पण तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. मी पुलांचं डिझाइन करते, पोटापाण्याचा धंदाच तो आहे, आणि आजवर ज्यांनी ज्यांनी मला भूकंपाबद्दल विचारलंय, सोसायटीतल्या काकांपासून शाळेतल्या मैत्रिणींपर्यंत, सगळ्यांनी एकच विचारलंय, पडेल का. परत जागेवर येईल का हे विचारणारा हा पहिलाच माणूस, आणि तो सातवी शिकलेला, पाटण तालुक्यातला.

अर्थात त्याला ते का सुचलं हे मला माहीत होतं.

११ डिसेंबर १९६७ ला मामा आठ वर्षांचा होता. कोयनेचा भूकंप आमच्याकडं घरोघरी सांगतात, थंडीचे दिवस, पहाटे सव्वाचारच्या पुढं, आधी आवाज आणि मग हलणं, गोठ्यातली गुरं दावी तोडायला लागली वगैरे. कोयनानगर आणि आसपास पावणेदोनशे-दोनशे माणसं गेली. आजोबांचं घर दगड-मातीचं, वर कौलं, मागची पडवी बसली पण पुढची मोठी भिंत उभी राहिली. सगळ्यांना आनंद झाला म्हणे. दोन दिवसांनी गावातला गवंडी आला, त्यानं वाशाला ओळंबा सोडला, तर वर दोरी भिंतीला टेकलेली आणि खाली चार बोटं अंतर. बाहेरच्या अंगाला कललेली. त्या भिंतीला टेकू लावले, घर तसंच उभं ठेवलं, आणि बिऱ्हाड खळ्यात, पाचटाच्या झापाखाली. मामा सांगतो की लहान लहान धक्के रोज यायचे आणि धक्का आला की सगळ्यांची तोंडं आधी त्या भिंतीकडं वळायची, आजी तर स्वयंपाक करता करता ओळंब्याकडं बघायची, कारण आजोबांनी ती दोरी काढलीच नव्हती. पावसाळ्याच्या तोंडावर शेवटी त्यांनीच दावं बांधून बैलांनी ती भिंत ओढून पाडली. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. भूकंपाच्या दिवशी जेवले होते, शेजाऱ्यांकडची भाकरी होती, पण भिंत पाडली त्या दिवशी नाही.

आम्ही पोरं सुट्टीत जायचो तेव्हाही भांडी वाजायची अधूनमधून, कुणी उठायचंसुद्धा नाही, "आला वाटतं" म्हणून कूस बदलायची. कोयना अजून थांबलेली नाही. कोयना धरणामागचं शिवसागराचं पाणी आणि खालचे खडक यांचं काय चाललंय ते बघायला म्हणून तर कराडला बोअरहोलची प्रयोगशाळा काढलीय, जमिनीत तीन किलोमीटर भोक पाडून.    

त्या भिंतीसारखीच गोष्ट कोयना धरणाचीही. गावाकडं सगळ्यांना वाटतं की धरण म्हणजे एकसंध डोंगर. प्रत्यक्षात ते पन्नास-पन्नास फुटांच्या मोनोलिथचं, म्हणजे सुट्या उभ्या ठोकळ्यांचं आहे, एकाशेजारी एक उभे, मध्ये सांधे. १९६७ ला तडे गेले ते सांध्यांमुळं नाही, मोनोलिथच्या अंगातच, वरच्या बाजूला जिथं मागचा उतार एकदम बदलतो तिथं, पाण्याकडच्या अंगालाही आणि मागच्या अंगालाही. १०३ मीटर उंचीचं धरण, पडलं नाही, पण पुढं मागून टेकू-भिंती देऊन जाड करावं लागलं. कॉलेजात हे शिकले तेव्हा मला आजोबांची भिंतच आठवली होती, वर्गात कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून 'जिथं जोड तिथं कच्चं' या वाक्यावरचा माझा विश्वास जरा उडालाय.

आता आम्ही भूकंपासाठी खांब कसा करतो ते सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला ते ऐकून धक्काच बसतो. आम्ही खांब मोडायची जागा ठरवतो. म्हणजे मोठ्या भूकंपात काहीच होऊ नये एवढा जाड खांब परवडत नाही, मग ठरवायचं की जे काही व्हायचं ते खांबाच्या बुडाशी, अमुक इतक्या उंचीत व्हावं, तिथं उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा जवळ जवळ टाकायच्या, रिंगांचे हुक १३५ अंशात आत वळवायचे, म्हणजे बाहेरचं कव्हर, सळयांवरचा काँक्रीटचा थर, उडालं तरी आतलं काँक्रीट बांधलेलं राहतं, उभ्या सळया ताणून लांबतात, वाकतात, त्यातच धक्क्याची ताकद जिरते, आणि पाइल (जमिनीत खोल गेलेले पायाचे खांब), पाइल कॅप (त्यांच्या माथ्यावरचा काँक्रीटचा ठोकळा), वरचा गर्डर (आडवी तुळई) हे सगळं शाबूत राहतं. न्यूझीलंडच्या पार्क, पॉले, प्रिस्टली या मंडळींनी सत्तरच्या दशकापासून हा विचार पक्का केला आणि आता जगभरच्या कोडमध्ये, म्हणजे डिझाइनच्या नियमावल्यांमध्ये तोच आहे, आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१८ च्या एसपी ११४ मध्येसुद्धा. विचार उत्तम आहे. माणसं वाचतात. साइटवर त्या रिंगांसाठी मी फिटरशी किती भांडलेय ते मलाच माहीत, कारण ९० अंशात वळवलेली रिंग बांधायला सोपी पडते आणि वरून बघितलं तर फरक कळत नाही.

पण सळई एकदा पुरती ताणली गेली की ती मूळ लांबीवर परत येत नाही. म्हणजे खांब वाचतो, पण कललेला.

जपानमधल्या कोबेच्या भूकंपाचा तो फोटो सगळ्यांनी बघितलाय, खांबांवरून जाणारा हानशिन एक्स्प्रेसवे फुकाए भागात ६३५ मीटर लांबीत आडवा झालेला, खांबांसकट, एका कुशीवर. तिथं उभ्या सळया मध्येच तोडल्या होत्या आणि रिंगा विरळ होत्या, साठच्या दशकातलं डिझाइन, ते कसं चुकलं हे आता पाठ झालंय. त्या फोटोपलीकडची एक गोष्ट मात्र मला फार नंतर कळली. त्याच भूकंपात शंभरच्या आसपास खांब असे होते की जे पडले नाहीत, ज्यांनी आपलं काम केलं, फक्त भूकंपानंतर ते एक अंशापेक्षा जास्त कललेले राहिले. एक अंश म्हणजे दहा मीटरच्या खांबाला माथ्यावर साडेसतरा सेंटिमीटर, लांबून बघितलं तर दिसणारही नाही. पण त्यांना सरळ करता येईना, त्यावर गर्डर परत नीट बसवता येईना, म्हणून पाडून नवे बांधले. त्यानंतर १९९६ च्या जपानी कोडमध्ये आलं की भूकंप थांबल्यावर खांब उंचीच्या एक टक्क्यापेक्षा जास्त सरकलेला राहता कामा नये. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, हा नियम म्हणजे आमच्या गवंड्याचा ओळंबाच आहे, फक्त कोडात आलेला. २०११ च्या फेब्रुवारीत न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या भूकंपात तेच. १८५ माणसं गेली, आणि मधल्या शहरातल्या कितीतरी इमारती ज्या उभ्या होत्या त्या पुढच्या काही वर्षांत एकेक करून पाडल्या, एक २६ मजली हॉटेल तर कललेलं उभं होतं. ज्या देशानं जगाला हे डिझाइन शिकवलं त्याच देशात सगळं शिकवल्याप्रमाणं झालं, आणि तरी शहर रिकामं झालं. त्या इंजिनियरांना काय वाटलं असेल, यशस्वी झालो की फसलो? मला वाटतं दोन्ही, एकाच वेळी.

आणि इथं ती लगोरी येते.

तुकड्यातुकड्यांचा खांब म्हणजे काय, तर आतून पोकळ असे गोल किंवा चौकोनी काँक्रीटचे ठोकळे यार्डात ओतायचे, एकाच्या माथ्यावरच पुढचा ओतायचा म्हणजे दोघांचे चेहरे बरोबर जुळतात, मग साइटवर क्रेननं एकावर एक ठेवायचे, मध्ये इपॉक्सी, म्हणजे चिकटवायचा लेप, आणि सगळ्यांच्या मधून, पायापासून माथ्यापर्यंत, उभी स्टीलची केबल ओवून ताणायची. मामाच्या लगोरीत फरक एवढाच की चिपांच्या मधून ताणलेली दोरी जाते. ही केबल काँक्रीटला चिकटलेली नसते, फक्त दोन टोकांना धरलेली असते, आणि सगळी गंमत त्यातच आहे. भूकंप आला की असा खांब वाकत नाही, डोलतो. बुडाचा सांधा एका कडेला उघडतो, मिटतो, मग दुसऱ्या कडेला उघडतो. साधा हिशेब करून बघा, दोन मीटर व्यासाचा खांब, दहा मीटर उंच, माथा वीस सेंटिमीटर सरकला आणि सगळं डोलणं बुडाशीच झालं असं धरलं तर खाली कडेला तीन-साडेतीन सेंटिमीटरची फट पडते, बोट घालता येईल एवढी. मधली केबल तेवढ्यात साधारण दीड सेंटिमीटर लांबते. ही केबल काँक्रीटला चिकटलेली असती तर ते सगळं लांबणं त्या फटीपाशीच झालं असतं आणि ती तिथंच नरमली असती. मोकळी असल्यामुळं तो दीड सेंटिमीटर अख्ख्या दहा-बारा मीटर लांबीत वाटला जातो, स्टील आपल्या लवचीक हद्दीतच राहतं, आणि धक्का ओसरला की ती केबल खांबाला ओढून परत ओळंब्यात आणते. वरून पुलाचं वजनही त्याच बाजूनं काम करतं. फट मिटते. इपॉक्सीची रेघ तुटलेली दिसेल, बस.

कागदावर हे इतकं सुंदर दिसतं की संशय यावा. आणि संशय योग्यच आहे, कारण जो खांब काहीही न मोडता नुसता डोलतो तो डोलतच राहतो. मोडण्यात ताकद जिरते, हे आपण वर बघितलं, आणि इथं तर मोडतच नाही काही. अमेरिकेत सॅन डिएगोला ह्यूज आणि प्रिस्टली यांनी (हो, तेच प्रिस्टली, आधी मोडायची जागा ठरवायला शिकवणारे, पुढं न मोडणाऱ्या खांबाकडं वळलेले) २००२ च्या सुमारास असे खांब करून ढकलले-ओढले, तर खांब जवळजवळ सरळ परत येत होते, पण ताकद फारशी जिरत नव्हती. शिवाय डोलताना सगळा भार एका कडेवर येतो, ती कड चिरडते, म्हणून त्यांनी सगळ्यात खालच्या ठोकळ्याला स्टीलचं कवच घातलं होतं. मग पुढच्या लोकांनी, अमेरिकेतल्या बफेलोला आणि तैवानमध्ये, सांध्यातून आरपार जाणाऱ्या साध्या सळया घातल्या, केबलनं परत आणायचं आणि या सळयांनी ताकद जिरवायची अशी वाटणी. आता त्या सळया किती घालायच्या यावर सगळं येऊन थांबतं. कमी घातल्या तर डोलणं थांबत नाही. जास्त घातल्या तर त्या ताणल्या गेलेल्या सळयाच केबलला जुमानत नाहीत आणि खांब परत कललेला राहतो, म्हणजे आलो आपण फिरून कोबेला. तैवानला या कामाचं मोल कुणी सांगायला नको, २१ सप्टेंबर १९९९ ला मध्यरात्रीनंतर चेलुंगपू भ्रंश, म्हणजे खडकांतली मोठी भेग, सरकला तेव्हा त्यांचे कितीतरी पूल गेले, काही ठिकाणी तर भ्रंश थेट पुलाखालूनच गेला होता, तिथं कुठलाच खांब काय करणार म्हणा.

न्यूझीलंडवाले यात जुने खेळाडू. साउथ रांगिटिकीचा रेल्वे पूल १९८१ चा आहे, सत्तरएक मीटर उंच खांब, आणि ते खांब भूकंपात चक्क एकेक पाय उचलतात, खाली पिळल्या जाणाऱ्या स्टीलच्या दांड्या ताकद खातात. तुकड्यांचा नाही तो, पण विचार तोच, की बुडाशी जखडून ठेवण्यापेक्षा उचलू द्या. आणि भूकंपानंतर क्राइस्टचर्चला विग्रॅम-मॅग्डाला लिंक म्हणून एक पूल २०१६ मध्ये झाला, त्यात डोलणारे खांब आणि मोडायला म्हणून वेगळ्या लावलेल्या स्टीलच्या कांड्या आहेत. मोडायचं ते कांड्यांनी मोडायचं, मग त्या बदलायच्या आणि पूल चालू. दिसायला अगदी साधा पूल आहे, फोटो बघितले तर तुम्ही दुसऱ्यांदा बघणारही नाही.

आपल्याकडं अशा खांबाचं आकर्षण वेगळ्याच कारणानं आहे. वेळ. जागेवर खांब ओतायचा म्हणजे रस्त्याच्या मध्ये पत्रे ठोकून महिनोन् महिने बसायचं, शटरिंग, सळई, रात्री मिक्सरची रांग, व्हायब्रेटरचा तो दातात शिरणारा आवाज, आणि गर्दीच्या सळयांमध्ये काँक्रीट खाली उतरलंच नाही तर पत्रे काढल्यावर दिसणारी ती जाळी-जाळी, जिच्यावर कुणीतरी घाईघाईनं सिमेंट फासून ठेवतं. यार्डात यातलं बरंच टळतं. सावली असते, पाणी मारायला माणूस असतो, एकच साचा शंभरदा वापरलेली टीम तो डोळे झाकून लावते. मला यार्ड आवडतं, खरं सांगते. सकाळी सकाळी ओल्या गोणपाटाचा वास, ओळीनं उभे ठोकळे, प्रत्येकावर खडूनं तारीख आणि नंबर. पण मीटिंगमध्ये 'प्रीकास्ट पायर', म्हणजे यार्डात ओतलेला खांब, हा शब्द निघाला की बोलणं फक्त दिवस किती वाचतील यावर होतं. सांधा उघडेल तेव्हा काय, हे मी एकदा काढलं तर एका ज्येष्ठानं माझ्याकडं असं बघितलं की जणू मी अपशकुन केला. उघडणार? पुलाचा सांधा उघडणार असं लिहून द्यायचं?

तरी माझा स्वतःचा अडसर तिथं नाही, केबलपाशी आहे. एकसंध खांबात शंभर सळया असतात, दहा गंजल्या तर नव्वद आहेत, आणि गंज बाहेर येऊन कव्हर फुगवतो, डाग दिसतात, कुणीतरी फोटो काढून पाठवतं. तुकड्यांच्या खांबाला घरी परत आणणारी वाट एकच, ती केबल, आणि ती दिसत नाही. गोव्यात पणजीचा मांडवीवरचा पूल १९८६ च्या जुलैमध्ये पडला तो आतल्या केबल गंजून, भूकंप नाही, काही नाही, भर पावसाळ्यात नुसता पडला, आणि नंतर पणजीकर फेरीबोटीला लागले. त्याच्या आदल्याच डिसेंबरात वेल्समध्ये एक छोटा पूल, इनिस-इ-ग्वास नावाचा, असाच गेला, तो तर तुकडे जोडून केलेलाच होता, आणि गंज धरला होता नेमका सांध्यांपाशी. १९९२ मध्ये ब्रिटिशांनी तसल्या नव्या पुलांवर काही वर्षं बंदीच घातली. हे दोन्ही खांब नव्हेत, वरचे गर्डर, आणि केबल ग्राउटमध्ये, म्हणजे नळीत भरलेल्या सिमेंटच्या पातळ मालात बसवलेल्या होत्या, म्हणजे तुलना शंभर टक्के लागू नाही हे मलाही कळतं. पण पाणी सांध्यातून शिरतं आणि केबल शांतपणे गंजते, हे लागू आहे. चाळीस वर्षं भूकंप आला नाही आणि एकेचाळिसाव्या वर्षी आला, तर त्या दिवशी केबलमध्ये किती ताण उरलेला असेल? डोलणाऱ्या खांबाचा सगळा हिशेब त्या एका आकड्यावर आहे.

एवढं असूनही कोयनेच्या खोऱ्यातल्या पुलाला, भूकंपाचा धोका जास्त असलेल्या पट्ट्यात, मी असा खांब सुचवीन. आमच्याकडं धक्के येतात, येत राहणार, आणि घाटातला एकुलता एक पूल कलून बंद झाला तर पलीकडच्या गावांना ॲम्ब्युलन्स कुठून जाणार, पुढचे सहा महिने? पण केबल ग्राउट न करता मेण भरलेल्या नळीत, काढून बदलता येईल अशी हवी. ताकद खाणाऱ्या सळया क्राइस्टचर्चसारख्या बाहेरून, बदलता येणाऱ्या. आणि पायात माणूस उतरून केबलचं टोक बघू शकेल, जॅक लावून ताण मोजू शकेल अशी खोली. आमच्या एका कामासाठी असंच स्केच सध्या मी नादानं करतेय, अजून कुणी मागितलेलं नाही. त्यात ती खोली मी दोन मीटर बाय दीड मीटर काढलीय, जॅकची लांबी आणि वाकून काम करणारा माणूस धरून. आमच्या ऑफिसातल्या सरांचं म्हणणं, एक बाय एक पुष्कळ झाली, उगाच पाइल कॅप वाढते, आणि आत उतरणार कोण आहे. मी म्हटलं, मोठी असली तर उतरेल तरी. त्यावर सध्या आमचं घोडं अडलंय.